हास्यचित्राची आठवी पायरी

चित्रकला हा डोळ्यांचा विषय. नभोवाणीवरून त्याच्याविषयीं बोलणें म्हणजे पुरणपोळीची कृति सांगून पाहुण्यांना जेवूं घालण्यासारखें आहे, असें कोणासही वाटेल. माझ्यापुढें फळा नाहीं, आणि असता तरी त्यावरील रेघ आपणांस दिसली नसती. परंतु आजच्या विषयापुरती ही अडचण मला सोयीचीच वाटते. माझें चित्र दिसत नसल्यामुळें त्याची हुबेहूब नक्कल करण्याचा मोह कोणास होणार नाहीं. शब्द माझे राहतील. रेषा मात्र ज्याची त्यानें काढावयाची आहे. तेव्हां घरांत सात ते बारा वर्षांचें मूल असेल तर त्याला हांक मारा, आणि एक कोरा कागद, एक मऊ शिसपेन्सिल व मिळाल्यास एक संत्रें त्याच्यापुढें ठेवा. संत्र्याचें काम काय, तें थोड्या वेळानें कळेल.

मुलांना हास्यचित्रांतील एखादें पात्र पायरीपायरीनें काढावयास कसें शिकवावें, हा आजचा विषय आहे. विषय लहान दिसतो खरा, पण त्याच्या पोटांत एक मोठा प्रश्न दडलेला आहे. आमच्या नागपुरांत वर्धा मार्गापलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून, मनीषनगर नांवाची वस्ती आहे. सुटीच्या दिवसांत तेथील एका इमारतीच्या तळमजल्यावर, मोटारी कामावर निघून गेल्या म्हणजे जी मोकळी जागा उरते, तींत आम्ही मुलांचा चित्रवर्ग भरवितों. नव्यानें आलेल्या मुलाला ‘काय काढावयाचें?’ म्हणून विचारलें तर उत्तर ठरलेलें असतें: छोटा भीम, डोरेमॉन, नाहीं तर मोटू आणि पतलू. आणि त्या उत्तराला चिकटूनच दुसरें वाक्य येतें: ‘पण मला चित्र येत नाहीं.’

चार वर्षांचें मूल हें वाक्य कधीं बोलत नाहीं. त्यानें एक वेडावांकडा गोळा काढून त्याला खालीं दोन काड्या जोडल्या कीं ती आई झाली. त्या आईला धडच नाहीं याची खंत ना त्याला असते, ना तिला. पुढें आठव्या-नवव्या वर्षाच्या सुमारास मात्र निराळेंच घडतें. मुलाची दृष्टि हाताच्या पुढें धांवूं लागते. पडद्यावरचें पात्र कसें दिसतें हें त्याला बारकाईनें कळतें, आणि आपल्या कागदावर तें तसें उतरलें नाहीं हेंही तितक्याच स्पष्टपणें कळतें. ह्या कळण्यापायीं तें पेन्सिल खालीं ठेवतें, आणि पुष्कळ वेळां ती पुन्हां उचलीत नाहीं. शाळा सोडल्यानंतर आपण स्वतः किती चित्रें काढलीं, याचा श्रोत्यांनीं क्षणभर हिशेब करावा, म्हणजे माझ्या म्हणण्याचें प्रत्यंतर येईल.

अशा वेळीं घरांतील वडील माणसें सामान्यतः तीन उपाय योजतात. कांहीं घरांत बाबा पेन्सिल हिसकावून घेतात आणि ‘बघ, असें काढायचें’ म्हणून सगळें चित्र स्वतःच पुरें करून टाकतात. कांहीं घरांत मुलाच्या हातीं फोन देतात. पडद्यावरचा हात भराभर रेघा काढीत जातो आणि मूल धापा टाकीत त्याच्या मागून जातें. आणि जीं घरें कलेच्या बाबतींत अधिक सुशिक्षित असतात, तेथें आई सांगते, ‘नक्कल करूं नये बाळ, मनानें काढावें.’ तिन्ही उपाय मायेपोटींच केलेले असतात. परंतु पहिल्यांत चित्र बाबांचें होतें, दुसऱ्यांत तें फोनचें होतें, आणि तिसऱ्यांत कागद कोराच राहतो. कारण मनानें काढावें हें खरें असलें, तरी मनांतलें कागदावर आणण्याचा रस्ता त्या बिचाऱ्याला कोणी दाखविलेला नसतो.

ह्या प्रश्नावर शिक्षणशास्त्रांतही जुना वाद आहे. व्हिएन्ना येथील फ्रान्झ चिझेक यांनीं १८९७ सालीं मुलांसाठीं चित्रवर्ग काढला आणि मुलाच्या मनांतील चित्र आपोआप बाहेर येऊं द्यावें, असा मार्ग घातला. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनीं १९४७ सालच्या आपल्या ग्रंथांत नकलेच्या आणि नुसता रंग भरण्याच्या पुस्तकांवर कडक टीका केली. उलट पक्षीं, अमेरिकेंत ई. जी. लट्झ यांनीं १९१३ सालींच ‘काय काढावें व कसें काढावें’ अशा अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहून, एकेक रेघ वाढवीत पूर्ण चित्रापर्यंत कसें पोहोंचावें हें दाखवून ठेविलें होतें. आज मुलें फोनवर जे धडे पाहतात त्यांचें हें पुस्तक पणजोबाच होय. ह्याच लट्झ यांच्या चलच्चित्रांवरील दुसऱ्या पुस्तकाचा अभ्यास तरुण वॉल्ट डिस्ने यांनीं केला होता. पुढें १९७७ सालीं ब्रेंट व मार्जरी विल्सन ह्या संशोधकांनीं किशोरांच्या चित्रांचा मागोवा घेतला, तेव्हां त्यांतील बहुतेक आकृतींचा उगम कोणत्या ना कोणत्या आधीं पाहिलेल्या चित्रांत सांपडला. मूल चित्रें पाहूनच चित्र काढावयास शिकतें, असें त्यांचें म्हणणें पडलें.

ह्या वादाचा निकाल लावण्यासाठीं आपणांस परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. आपल्या घरांतील पाटीकडे पाहावें. ‘ग’ हें अक्षर कोणत्याही मुलानें मनानें काढलेलें नाहीं. आजीनें किंवा बाईंनीं काढून दिलेलें अक्षर त्यानें गिरविलें. गिरविल्यामुळें त्याची बुद्धि खुंटली असें कोणी म्हणत नाहीं. पण त्याबरोबरच, जन्मभर गिरवीत बसणाऱ्याला कोणी लिहितां येतें असेंही म्हणत नाहीं. गाण्याचें तसेंच आहे. गुरु बंदिश देतो ती जशीच्या तशी घोटून घ्यावी लागते. परंतु गाणें सुरू होतें तें बंदिशीनंतर, आलापांत. ठिपक्यांची रांगोळी आईकडून शिकलेली मुलगी चार दिवाळ्यांनंतर स्वतःचे ठिपके मांडूं लागते. पायऱ्यांचें शिक्षण आपल्या अंगवळणीं पडलेलेंच आहे. हास्यचित्राच्या बाबतींत तेवढा आपणांस त्याचा विसर पडतो. कांहीं जण पायऱ्याच नाकारतात, आणि कांहीं जण शेवटच्या पायरीवर मुलाला बसवून ठेवतात.

असो. आतां प्रत्यक्ष कामास लागूं. आपण आज कोणाचेंही प्रसिद्ध पात्र काढणार नाहीं. नागपुरास शोभेल असें नवेंच एक पात्र घडविणार आहों. त्याचें नांव संत्रेभाऊ. मुलांनो, कागद उभा धरा.

पहिली पायरी वर्तुळाची. कागदाच्या वरच्या भागांत, मधोमध, लहान वाटीच्या तोंडाएवढें वर्तुळ काढा. पण वाटी ठेवून नव्हे, आणि कर्कटकानें तर नव्हेच. आधीं पेन्सिल कागदापासून किंचित् वर धरून हवेंत दोनदां गोल फिरवा, मनगट न वळवितां कोपरापासून हात हलूं द्या, आणि तिसऱ्या फेरीला टोंक अलगद कागदावर टेकवा. रेघ इतकी फिकट असावी कीं ती तुम्हांलाच कशीबशी दिसेल. एकीवर एक दोनतीन फेरे झाले तरी हरकत नाहीं. आपला नागपुरी संत्रा वरून व खालून थोडा चपटा असतो, तेव्हां वर्तुळही तसेंच थोडें बसकें असूं द्या. चित्रांतील पात्रें बहुधा वर्तुळापासून कां सुरू होतात, हें पालकांनीं जाणून घेण्याजोगें आहे. १९२८ सालीं ‘स्टीमबोट विली’ ह्या बोलपटांत मिकी माऊस प्रेक्षकांपुढें आला. त्याचें डोकें गोल, कान गोल, पोटही गोलच. बोलपटाच्या एका सेकंदांत चोवीस चित्रें डोळ्यांपुढून जातात. तीं पुष्कळ हातांनीं काढावयाचीं आणि तरी पात्र एकच दिसावयाचें, तर आकार असा हवा कीं तो कोणालाही पुन्हां पुन्हां काढतां यावा. वर्तुळ हा तसा आकार आहे.

दुसरी पायरी आधाररेषांची, आणि आतां तें खरें संत्रें हातांत घ्या. त्यावर शाईच्या लेखणीनें देंठापासून खालपर्यंत एक उभी रेघ ओढा, आणि पोटाच्या जरा खालून सभोंवार एक आडवी रेघ फिरवा. दोन्ही रेघा जेथें एकमेकींस छेदतात तो भाग आपल्याकडे करून धरा: संत्रेभाऊ तुमच्याकडे सरळ पाहत आहे. आतां संत्रें थोडें उजवीकडे वळवा. उभी रेघ सरळ राहिली नाहीं, ती धनुष्यासारखी वांकली, होय ना? देंठ तुमच्याकडे झुकवा, म्हणजे आडवी रेघ खालच्या बाजूस वांकेल आणि संत्रेभाऊ जमिनीकडे पाहूं लागेल. देंठ पलीकडे झुकवा, म्हणजे ती वरच्या बाजूस वांकेल आणि तो आकाशाकडे पाहील. कागदावरच्या वर्तुळांत ह्याच दोन रेघा फिकट काढा. आजच्या सर्व धड्यांत माझ्या मतें ही पायरी सर्वांत मोलाची आहे. कारण आपण चपटी आकृति काढीत नसून एक गोल वस्तु काढीत आहों, हें मुलाला हाताच्या तळव्याला समजतें.

तिसरी पायरी चेहऱ्याची. आडव्या रेघेवर दोन डोळे, आणि त्यांच्यामध्यें एका डोळ्याएवढें अंतर. रेघा छेदतात तेथून जरा खालीं, उभ्या रेघेवर, लहानसें नाक. आणि नाक व हनुवटी यांच्या मधोमध तोंड. आडवी रेघ पोटाच्या खालून घ्यावयास मी कां सांगितलें, याचेंही कारण आहे. तान्ह्या मुलाचें कपाळ मोठें आणि डोळे चेहऱ्याच्या खालच्या अर्धांत असतात. असा चेहरा पाहिला कीं मोठ्या माणसांच्या मनांत वात्सल्य जागें होतें, असें कोनराड लोरेंझ ह्या शास्त्रज्ञांनीं १९४३ सालीं मांडलें. १९७९ सालीं स्टीफन जे गूल्ड ह्या जीवशास्त्रज्ञांनीं मिकीचीं जुनीं-नवीं चित्रें मोजून दाखविलें कीं पन्नास वर्षांत त्याचें डोकें व डोळे मोठे होत गेले. म्हणजे जगांतील सर्वांचें वय वाढलें, त्याचें तेवढें उतरलें.

चौथी पायरी धडाची. वर्तुळाला चिकटूनच खालीं, मान न ठेवतां, डोक्याएवढ्या उंचीचा एक पेरूसारखा आकार काढा: वर निमुळता, खालीं फुगीर. त्याखालीं पायांसाठीं आणखी एका डोक्याएवढी जागा मोजा. प्रौढ माणूस साधारणपणें त्याच्या डोक्याच्या सातसाडेसात पट उंच असतो. आपले संत्रेभाऊ तीन पट. एवढ्या एका प्रमाणांतच पात्राचें हसूं साठविलेलें असतें. तेंच डोकें ठेवून सहा पट उंची करून पाहा, संत्रेभाऊंचे एकदम संत्रेसाहेब होतील.

पांचवी पायरी हातापायांची. आधीं नुसत्या काड्या काढा, आणि कोपर व गुडघा येतो तेथें एकेक ठिपका द्या, कारण हात तेथेंच वांकतो, इतरत्र वांकत नाहीं. मग काड्यांना दोन्ही बाजूंनीं जाडी द्या. पंजा काढतांना बोटें मोजूं नका. प्रथम हातमोजाचा आकार काढा, एकीकडे अंगठा, दुसरीकडे बाकीचा पंजा, आणि मग तो पंजा दोन रेघांनीं तीन बोटांत वांटा. मिकीलाही अंगठा धरून चारच बोटें आहेत, आणि त्यामुळें त्याचें कांहीं अडलेलें नाहीं.

सहावी पायरी वेषाची. देंठावर एक पान, तें फेट्याच्या शेमल्यासारखें मागें झुकलेलें. अंगांत सदरा असेल, हातांत बाजाराची पिशवी असेल, पायांत वहाणा असतील. हें सारें काढणाऱ्याच्या मर्जीवर. चेहऱ्यावर इकडेतिकडे बारीक ठिपके दिले कीं संत्र्याची साल झाली. सातवी पायरी ठळक रेघेची. जी रेघ खरी वाटते तिच्यावरून पेन्सिल दाबून फिरवा, आणि बाकीच्या फिकट रेघा आतां, शेवटीं, खोडून टाका. खोडरबर ह्या क्षणापर्यंत आईच्या पदराखालीं असावें, अशी माझी सूचना आहे. पहिल्या पायरीपासून तें मुलाच्या हातीं असलें म्हणजे अर्धा तास वर्तुळ खोडण्यांतच जातो.

सात पायऱ्या झाल्या. कागदावर एक संत्रेभाऊ उभे आहेत. पुष्कळसे धडे, पुस्तकांतील काय आणि पडद्यावरील काय, येथेंच संपतात. माझें मुख्य सांगणें येथून पुढें आहे.

आमच्या वर्गांत दहा वर्षांची एक मुलगी येई. दूरचित्रवाणीवरील एक प्रसिद्ध पात्र ती असें काढी कीं पाहणारानें थक्क व्हावें. कागद छापखान्यांतून आल्यासारखा दिसे. घरीं त्या चित्रांची मोठी वाखाणणी होत असे. एके दिवशीं तिला सहज म्हटलें, ‘हाच आपल्याकडे पाठ करून रस्त्याच्या कडेला उभा आहे, असा काढ पाहूं.’ तिनें पेन्सिल उचलली, ठेवली, पुन्हां उचलली. डोळ्यांत पाणी आलें. म्हणाली, ‘पाठीमागून तो कसा दिसतो तें त्यांनीं दाखवलेंच नाहीं.’

श्रोतेहो, ह्या वाक्यांत लोवेनफेल्ड यांची सारी भीति सामावलेली आहे, आणि ती भीति खोटी नाहीं. त्या मुलीपाशीं पन्नास चित्रें होतीं, पण तीं सगळीं मिळून एकच चित्र होतें, आणि तेंही दुसऱ्याचें. मात्र त्यावर उपाय म्हणून आम्ही तिच्या पायऱ्या काढून घेतल्या नाहींत. तिच्या हातीं तें रेघा ओढलेलें संत्रें दिलें, सात पायऱ्यांनीं संत्रेभाऊ काढावयास लावले, आणि मग सांगितलें, ‘आतां संत्रें फिरव, आणि मागून काय दिसतें तें तूंच आम्हांला सांग.’ तिनें संत्रें फिरविलें. मागें चेहरा नव्हता. देंठ होता, पान होतें, आडवी रेघ तेवढी फिरून आलेली होती. तिनें वर्तुळ काढलें, पान काढलें, कानांचे कोपरे काढले, आणि मग बराच वेळ ती मान वर न करतां काम करीत राहिली. मनीषनगरचें रेल्वेचें फाटक आमच्या भागांत प्रसिद्ध होतें. गाडी येण्याच्या वेळीं तें बंद झालें कीं दोन्ही बाजूंना वाहनांच्या रांगा लागत. २०२० सालीं तेथें पूल झाला आणि तो खोळंबा संपला. तिनें तें फाटक काढलें होतें, आजोबांच्या तोंडून ऐकलेलें. फाटकाशीं पाठमोरे संत्रेभाऊ, हातांत पिशवी, आणि पलीकडून कागदाच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जाणारी मालगाडी. रेघा वांकड्या होत्या. डबे एकासारखे एक नव्हते. कोणी विचारलें, ‘हा कोणाची वाट पाहतो आहे?’ ती म्हणाली, ‘गाडी जाण्याची. त्याला शाळेंतून नातीला आणायचें आहे.’

ही आठवी पायरी. शिकविणारानें जें दाखविलें नाहीं तें पात्राकडून करविणें, एवढाच तिचा अर्थ. पहिल्या सात पायऱ्या शिक्षकाच्या आहेत. आठवी मुलाची आहे, आणि ती चढल्यावांचून आधींच्या सातांना मोल नाहीं. आपल्याकडील एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या रेखाकलेच्या परीक्षांत स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका असते, तिच्यामागेंही हाच हेतु आहे: समोर नमुना नाहीं, प्रसंग मात्र दिलेला आहे, आणि तो ज्याच्या त्यानें उभा करावयाचा आहे.

आठव्या पायरीवर पाऊल टाकण्यासाठीं मुलाला एक सोपा खेळ द्यावा. एका कागदावर नऊ वर्तुळें काढा, तीन ओळींत तीन तीन. भुंवया तीन प्रकारच्या: वर उचललेल्या, नाकाकडे उतरणाऱ्या, आणि कानांकडे उतरणाऱ्या. तोंडें तीन प्रकारचीं: वर वळलेलें, सरळ, आणि खालीं वळलेलें. प्रत्येक ओळींत एक भुंवई आणि प्रत्येक स्तंभांत एक तोंड घेतलें कीं नऊ निरनिराळे संत्रेभाऊ तयार होतात. भुंवया रागाच्या आणि ओंठ हसरे असले कीं तो खट्याळ दिसतो. भुंवया केविलवाण्या आणि ओंठ हसरे असले कीं तो ओशाळलेला दिसतो. हा खेळ नवा नाहीं. जिनिव्हा येथील रोडोल्फ टोपफर ह्या शाळामास्तरांनीं १८४५ सालीं चेहऱ्यांवर एक लहानसा ग्रंथ लिहिला आणि एखादी रेघ बदलली कीं माणसाचा स्वभाव कसा बदलतो हें चित्रांनीं दाखविलें. चित्रकथांचे आद्य जनक म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. व्यवसायानें ते मुलांमध्यें वावरणारे शिक्षक होते, हें मला अर्थपूर्ण वाटतें.

आपल्याकडील थोर हास्यचित्रकारांचें उदाहरण पाहिलें तरी हेंच आढळेल. आर. के. लक्ष्मण १९४७ सालीं मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’ पत्रांत आले, आणि १९५१ सालापासून त्यांचें लहान चौकटींतील दैनिक चित्र सुरू झालें. प्रारंभीं देशांतील लोक दाखविण्यासाठीं ते चित्रांत निरनिराळ्या प्रांतांच्या माणसांची गर्दी करीत. रोजच्या घाईंत एवढीं माणसें काढणें जमेना, म्हणून ते एकेकाला कमी करीत गेले, आणि शेवटीं उरला तो चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि टकलाभोंवतीं चार केंस असलेला एकच सामान्य माणूस. तो बोलत नसे, नुसता पाहत असे. आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ वाचक त्याच्या डोळ्यांनीं राज्यकारभार पाहत राहिले. ह्याच लक्ष्मणांना तरुणपणीं मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत प्रवेश नाकारण्यांत आला होता. पण त्याच्याही आधीं, लहानपणीं, म्हैसूरच्या शाळेंत वर्गाला पान काढावयास सांगितलें असतां त्यांनीं पिंपळाचें पान काढलें आणि शिक्षकांनीं त्याचें मनापासून कौतुक केलें. आपण चित्रकार होणार हें त्यांच्या मनानें तेव्हांपासून धरलें. एका मोठ्या शाळेच्या नकारापुढें एका लहान वर्गांतील कौतुकाचे शब्द टिकून राहिले. मोठ्या माणसांच्या एका वाक्यानें मुलाचा हात चालूं लागतो किंवा थांबतो, तें हें असें.

बेळगांव जिल्ह्यांतील भोज येथें १९२५ सालीं जन्मलेल्या शि. द. फडणीस यांचीं ‘मोहिनी’ मासिकावरील मुखपृष्ठें ज्या घरांतून गेलीं, तेथें तीन पिढ्या हसल्या आहेत. त्यांचीं चित्रें बहुधा शब्दांवांचूनच बोलतात. एका प्रसिद्ध चित्रांत दोन तरुण माणसें शेजारीं उभीं आहेत. एकाच्या वस्त्रावर मांजरें आहेत आणि दुसऱ्याच्या वस्त्रावर उंदीर. चेहऱ्यांची ठेवण साधी, रेघ स्वच्छ. विनोद मात्र त्या दोघांना शेजारीं उभें करण्यांत आहे. गणिताच्या शालेय पुस्तकांसाठींही त्यांनीं चित्रें काढलीं, आणि बेरजेला भिणारीं मुलें तीं चित्रें पाहण्यासाठीं पुस्तक उघडूं लागलीं. चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ सालीं ‘सकाळ’ पत्रांत आला. त्याचा चेहरा चार रेघांचा, कोणत्याही मुलाला पायरीपायरीनें काढतां येईल असा. परंतु मराठी घरांनीं त्याला आपला मानला तो त्या रेघांमुळें तेवढा नव्हे. तो आईशीं वाद घालतो, मित्रांशीं भांडतो आणि अभ्यास टाळतो, म्हणून.

आतां पालकांस चार सूचना करतों आणि हें भाषण पुरें करतों. मुलाच्या हातांतली पेन्सिल कधींही घेऊं नये. दाखवावयाचें असेल तर आपला निराळा कागद घ्यावा आणि दाखवून झाल्यावर तो उलटा करून ठेवावा. फोनवरील धडा पाहण्यास माझी हरकत नाहीं. तो एकदां पूर्ण पाहावा, मग पडदा बंद करावा, आणि आठवेल तेवढेंच काढावें. जें आठवणार नाहीं तें मूल स्वतःच्या पदरचें घालील, आणि त्या पदरच्या भागाचें आपण अधिक कौतुक करावें. मुलानें चित्र आणून दाखविलें असतां ‘हें कोण?’ असें विचारूं नये. त्या प्रश्नांत तें ओळखूं येत नाहीं असा अर्थ लपलेला असतो. ‘हा कोठें निघाला आहे?’ असें विचारावें. उत्तर देण्यासाठीं मुलाला चित्राच्या आंत जावें लागतें, आणि बहुधा तें आणखी एक चित्र काढूनच उत्तर देतें. आणि शेवटची सूचना: चित्राच्या मागें तारीख घालून तें जपून ठेवावें. नवव्या वर्षीं ‘मला येत नाहीं’ म्हणणाऱ्या मुलापुढें त्याचेंच आठव्या वर्षाचें चित्र ठेवलें, तर आपण किती पुढें आलों हें त्याला दुसऱ्या कोणी सांगावें लागत नाहीं.

आपलें मूल चित्रकार व्हावें म्हणून मी हें सांगत नाहीं. पुष्कळशीं मुलें पुढें डॉक्टर, कारकून, अभियंते, दुकानदार होतील. परंतु मनांत आलेली गोष्ट आपल्या हातानें कागदावर उतरवितां येते, हा विश्वास ज्याचा नवव्या वर्षीं गेला नाहीं, तें मूल पुढें लिहितांना, बोलतांना आणि विचार करतांनाही दुसऱ्यानें दाखविलेल्या बाजूवरच अडून राहणार नाहीं. वस्तु फिरवून पाठीमागून पाहण्याची संवय त्याला राहील.

आज रात्रीं जेवणें झाल्यावर संत्रेभाऊंना एकदां पायऱ्यांनीं काढावें, आणि मग मुलाला सांगावें कीं ते पावसांत सांपडले आहेत. छत्री घरीं राहिली आहे. पुढें काय झालें हें त्याला काढूं द्यावें. आणि रेघा ओढलेलें तें संत्रें धुवून, सोलून, दोघांनीं अर्धें अर्धें खावें.